दोन क्लिक जास्त

मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. लहानपणी जत्रेत एअरगननं फुगे फोडलेत, तेही दहातले चार. तरीही मागच्या हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक शनिवारी सकाळी मी टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या बाहेर एका मोकळ्या शूटिंग रेंजवर, कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा चढवून, एका सेमी-ऑटोमॅटिक रायफलच्या मागं वही घेऊन उभा असायचो. रायफल आमच्या टेक लीडची. वही माझी.

मी झाडत का नव्हतो? कारण अगदी सरकारी आहे. मी इथं एच-वन-बी व्हिसावर आहे. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण त्या भानगडीत मी पडलो नाही. ज्या कागदावर आपलं इथलं अख्खं आयुष्य उभं आहे, त्याच्याशी खेळ कशाला? म्हणून मी पिवळ्या रेषेच्या मागं उभा राहायचो आणि लिहायचो.

आमचा लीड पन्नाशी ओलांडलेला, डेटाबेसचा माणूस. कमी बोलतो, कोड रिव्ह्यूत मात्र कुणाला सोडत नाही. ही रायफल त्यानं स्वतः जोडली होती. आपण कॉलेजात असेम्बल्ड पीसी करायचो ना, तसंच इथं एआर-१५ प्रकारच्या रायफलीचं चालतं. नळी एकाकडून, बोल्ट दुसऱ्याकडून, दस्ता तिसऱ्याकडून. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हळूहळू सगळं सुरू करायला परवानगी दिली, पण रायफलीचा धक्का त्याला सोसवेना. एकदा लंचला तो म्हणाला, "याला ट्यून करायला हवं. पण मी एकटा झाडू की मोजू?"

मोजायचं म्हटल्यावर मी हात वर केला. पगारच त्याचा मिळतो.

*

आधी हे यंत्र चालतं कसं, ते सांगतो. मलाही ते तिथंच कळलं.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस आत घेणं ही कामं रायफल स्वतः करते. त्यासाठी लागणारी ताकद ती गोळीच्याच गॅसमधून चोरते. काडतुसातली दारू पेटली की आतला दाब वातावरणाच्या साडेतीन हजार पटींच्या आसपास जातो. गोळी नळीतून पुढं पळत असते. वाटेत नळीच्या वरच्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटरचं भोक असतं. गोळी त्या भोकापुढं गेली की थोडा गॅस तिथून वर निसटतो, एका बारीक नळकांडीतून मागं येतो आणि बोल्ट ज्यात बसलेला असतो त्या लोखंडी ठोकळ्याला मागं ढकलतो. बोल्ट फिरून सुटा होतो, पुंगळी ओढून उजवीकडं भिरकावतो, ठोकळा दस्त्यातली स्प्रिंग दाबत मागं जातो. मग स्प्रिंग त्याला परत पुढं ढकलते आणि येताना तो मॅगझिनमधलं नवं काडतूस आत सारतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

ही कल्पना युजीन स्टोनर या अभियंत्याची. १९५० च्या दशकात आर्मालाइट नावाच्या कंपनीत त्यानं ती विकसित केली. एआर-१५ मधलं 'एआर' म्हणजे आर्मालाइटच.

आता गंमत अशी, की भोकातून नेमका किती गॅस यायला हवा? कमी आला तर ठोकळा पुरेसा मागं जाणार नाही, पुंगळी अडकेल किंवा पुढचं काडतूस उचललंच जाणार नाही. जास्त आला तर ठोकळा धाडकन मागं आदळेल. मग धक्का वाढतो, सुटे भाग लवकर झिजतात, आणि नळीच्या भिंतीला चिकटून असलेली पुंगळी बोल्ट वेळेआधीच ओढायला लागतो. म्हणजे अतिगॅसनंही रायफल अडकते.

कारखान्यात बनलेल्या बहुतेक रायफलींना जरा जास्तच गॅस दिलेला असतो. मला आधी हा ढिसाळपणा वाटला. लीड म्हणाला, "त्यांना माहीत नसतं ना, ही कोण घेणार, कुठं नेणार, तिच्यात काय घालणार, साफ करणार की नाही."

आमच्या भाषेत सांगायचं तर, युजर कोण आहे हे माहीत नसलं की डिफॉल्ट सेटिंग सढळ ठेवतात.

*

पहिल्या शनिवारी मी अकरावीचं फिजिक्स काढून बसलो. गोळी साधारण साडेतीन ग्रॅमची, वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या वर. रायफल सव्वातीन किलोची. फक्त गोळीचा हिशोब धरला तरी रायफल सेकंदाला साधारण एक मीटर वेगानं मागं यायला हवी. गोळीमागून बाहेर पडणाऱ्या गॅसचा धक्का वेगळाच. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम, तीन मार्कांचा प्रश्न.

म्हणजे गॅस कितीही कमीजास्त केला तरी एकूण धक्का जवळपास तेवढाच राहणार. तो खरोखर कमी करायचा तर रायफल जड करायची, किंवा तोंडाशी मझल ब्रेक बसवायचा. हा ब्रेक गॅस बाजूला वळवतो. पण त्यानं आवाज इतका वाढतो की शेजारच्या लेनमधली माणसं वळून बघतात. लीडला ते नको होतं.

मग ट्यूनिंग नेमकं काय करतं? ते धक्क्याचे हप्ते पाडतं. ठोकळा धाडकन मागं आदळण्याऐवजी स्प्रिंग दाबत सावकाश आला, तर तीच रक्कम खांद्यावर जरा जास्त वेळात पडते. एकरकमी फटका आणि ईएमआय यात जो फरक, तोच.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. दस्त्यातल्या स्प्रिंगच्या तोंडाशी बफर नावाचं वजन असतं. साधं सुमारे ८५ ग्रॅमचं होतं, त्याजागी सुमारे १३० ग्रॅमचं घातलं. जड वस्तू हलायला वेळ लागतो. आणि नळीवरच्या भोकावर स्क्रूनं कमीजास्त करता येणारा गॅस ब्लॉक बसवला. स्क्रू फिरवला की टक् टक् वाजतो, प्रत्येक टक् म्हणजे एक क्लिक.

पद्धत साधी आहे. गॅस पूर्ण बंद करायचा. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडायचं. शेवटचं काडतूस संपल्यावर बोल्ट मागंच अडकून राहायला हवा, तशी रचनाच असते. तो राहिला नाही, तर गॅस कमी पडला. एक क्लिक उघडायचा, पुन्हा झाडायचं. शिवाय पुंगळी कुठं पडते ते बघायचं. नळीचं तोंड घड्याळातल्या बारावर आहे असं धरलं तर पुंगळी एक-दोनच्या दिशेला पुढं उडाली म्हणजे ढोबळमानानं गॅस जास्त. तीन ते साडेचारच्या मधे पडली की ठीक. पाचकडं मागं रेंगाळली की कमी.

माझी वही भरू लागली. क्लिक, बोल्ट थांबला की नाही, पुंगळी किती वाजता. सहाव्या क्लिकला पुंगळी बाहेर आली, पण बोल्ट थांबला नाही. आठव्याला तीनदा थांबला, दोनदा नाही. नवव्याला पाचपैकी पाच. मग पूर्ण मॅगझिन, मग दुसरं. साठपैकी साठ. पुंगळ्या चारच्या दिशेला एकाच सतरंजीएवढ्या जागेत पडत होत्या. लीडनं रायफल खाली ठेवली, खांदा चोळला नाही, आणि माझ्याकडं बघून हसला. हा माणूस हसतो हे मला तेव्हा कळलं.

"दोन क्लिक जास्त उघडून ठेवूया का?" त्यानं विचारलं. "बहुतेक लोक ठेवतात."

"कशाला?" मी म्हणालो. "साठपैकी साठ आलेत. दोन क्लिक म्हणजे उगाच खांद्याला मार."

त्यानं खांदे उडवले. स्क्रू नवावर राहिला.

*

त्या रात्री साडेआठला मी घरी फोन लावला. तिकडं रविवारची सकाळ, आठ वाजलेले. आईशी बोलून झाल्यावर बाबा आले. त्यांना सांगू की नको असं झालं होतं, पण सांगितलं.

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. महाराष्ट्रात सरकारी आयुध कारखाने बरेच आहेत. खडकी, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा, देहू रोड. त्यातल्या एका ठिकाणच्या इस्टेटीत मी वाढलो. सकाळी भोंगा व्हायचा, गेटवर सायकलींची रांग लागायची, क्वार्टरची दारं सगळी एकाच रंगाची. बाबा तिथं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, चार्जमन म्हणून निवृत्त झाले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, त्याच्या आदल्या वर्षी.

ते काय काम करतात हे मला नीटसं कधीच माहीत नव्हतं. गेटच्या आतलं घरी बोलायचं नाही, हा शिरस्ता. शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'सरकारी नोकरी' लिहायचो. पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर मला त्या 'सरकारी'ची थोडी लाजच वाटायला लागली. मित्रांचे बाबा आयटीत, बँकेत, स्वतःच्या वर्कशॉपात. माझे बाबा तीस वर्षं एकाच खात्यात काडतुसं तपासत होते. मला वाटायचं, त्यात तपासण्यासारखं असतं तरी काय?

फोनवर मी गॅस ब्लॉक, बफर, नऊ क्लिक, साठपैकी साठ, असं सगळं उत्साहात सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"तू हात लावत नाहीस ना?"

"नाही बाबा. व्हिसा आहे."

"हं." मग पुन्हा शांतता. "ती शाळेतली मुलं मारली, ती अशाच बंदुकीनं ना?"

ते युवाल्डीबद्दल बोलत होते. २४ मे २०२२. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका. मी इथं आलो त्याच्या पाच महिने आधीची गोष्ट. ते गाव आमच्या शहरापासून गाडीनं सुमारे तीन तासांवर आहे. हो, रायफल याच प्रकारची होती. मी "हो" एवढंच म्हणालो. लीड चांगला माणूस आहे, त्याची रायफल कुलपात असते, असं काहीतरी पुढं बोलणार होतो. पण ते उत्तर नाही हे बोलायच्या आधीच कळलं.

"आमच्याकडं झाडलेल्या प्रत्येक काडतुसाची पुंगळी मोजून जमा व्हायची," बाबा म्हणाले. "एक कमी पडली तर घरी जाता यायचं नाही." आणि मग, जणू तो विषय तिथंच संपला अशा आवाजात, "लॉट कुठला होता?"

"कसला लॉट?"

"काडतुसांचा. खोक्यावर नंबर असतो. साठही एकाच लॉटची होती का?"

"बहुतेक. त्यानं हजाराचा एकच खोका घेतला होता."

"मग तू त्या लॉटशी जुळवलंस. बंदुकीशी नाही," असं म्हणून त्यांनी फोन आईकडं दिला.

मला ते चार्जमनचं बोलणं वाटलं. मी विसरून गेलो.

*

जानेवारीत एका सोमवारी स्टँडअप झाल्यावर लीडनं मला थांबवलं. शनिवारी तो कॉलेजातल्या मुलीला घेऊन भावाच्या रॅंचवर गेला होता. टेक्सासमध्ये रानडुकरांचा प्रचंड उपद्रव आहे, शेतं उकरून टाकतात, त्यामुळं त्यांची शिकार इथं नेहमीची. पहाटेची वेळ, तापमान शून्याखाली चार अंश. स्वतःची काडतुसं तो गाडीत विसरला होता, भावाकडं कपाटात पडलेला स्वस्तातला खोका उचलला. पहिली गोळी डुकराला लागली, पण नीट नाही. ते वळून यांच्याच दिशेनं आलं. त्यानं पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही.

बोल्ट अर्ध्यावरून परतला होता. पुंगळी तोंडातच अडकलेली.

"मग?"

"मग ते आपणहून झुडपात वळलं," तो म्हणाला. "पंधरा मीटरवरून. माझी मुलगी माझ्या डावीकडं होती."

त्यानं मला दोष दिला नाही. एखाद्या बगचं तिकीट वाचून दाखवावं तसं सांगितलं, कॉफी घेतली, आणि जागेवर गेला. मी मात्र त्या दिवशी एक ओळही लिहू शकलो नाही. 'कशाला?' हा माझाच शब्द कानात वाजत होता.

कारण काय झालं हे समजायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. थंडीत दारूचा जोर कमी पडतो. तेल घट्ट होतं. स्वस्त काडतुसांत अनेकदा जोर मुळातच कमी असतो. तीन गोष्टींनी थोडा थोडा गॅस खाल्ला आणि माझ्या नऊ क्लिकमध्ये खायला शिल्लकच नव्हतं. वीस अंश तापमानात, स्वच्छ रायफलीवर, एका खोक्यातल्या साठ काडतुसांवर मी सिद्ध केलं होतं की ती वीस अंशात, स्वच्छ असताना, त्या खोक्यातल्या काडतुसांवर चालते.

मग तू त्या लॉटशी जुळवलंस. बंदुकीशी नाही.

*

त्या आठवड्यात रात्री मी वाचत बसलो, आणि मला दिसलं की माझी चूक जुनी आहे. फार मोठ्या माणसांनी फार मोठ्या प्रमाणावर करून ठेवलेली.

स्टोनरच्या रायफलीचं लष्करी रूप म्हणजे एम-१६. १९६० च्या दशकात ती व्हिएतनामला गेली. मूळ रचना एका विशिष्ट प्रकारच्या दारूवर जुळवलेली आणि तपासलेली होती. बारीक कांड्यांच्या आकाराची दारू. मधेच लष्करानं काडतुसातली दारू बदलली आणि गोल दाण्यांची वापरायला घेतली. गोळीचा वेग तोच, कागदावर सगळं ठीक. पण नव्या दारूचा दाब भोकापाशी जास्त यायचा. ठोकळा ठरल्यापेक्षा वेगानं मागंपुढं व्हायला लागला, काजळीही वाढली. त्यात नळीच्या आतल्या ज्या भागात काडतूस बसतं तिथं क्रोमचा थर नव्हता, त्यामुळं दमट हवेत तो गंजायचा. आणि या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला, सफाईचं साहित्यही सगळ्यांना दिलेलं नव्हतं. पुंगळ्या आत अडकू लागल्या. अडकलेली पुंगळी समोरून लोखंडी सळई घालून ढकलावी लागायची. ज्यांच्या हातात त्या क्षणी रायफलीऐवजी सळई होती, असे सैनिक मारले गेले.

१९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीनं चौकशी केली, अध्यक्ष होते रिचर्ड इकॉर्ड. दारू बदलण्याच्या निर्णयावर समितीनं कडक ठपका ठेवला. दुरुस्त्या झाल्या. क्रोमचा थर आला, सफाईचं साहित्य आलं, वेग आवरायला अधिक जड बफर आला. आणि रायफलीची निगा कशी राखायची हे सांगणारी एक चित्रपुस्तिका आली, ती काढली विल आइसनर या नामांकित कॉमिक्सकारानं.

हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. आपल्याकडं हे रोज होतं. तुमच्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसतं, पण खालची लायब्ररी कुणीतरी अपडेट केलेली असते, आणि 'टेस्ट पास आहेत' म्हणून सगळे झोपलेले असतात. फरक एवढाच, की आपल्याकडं रात्री तीनला फोन वाजतो. तिकडं माणसं परत आली नाहीत.

दारूचा एक लॉट आणि दुसरा लॉट यांच्यातला फरक शोधत बसणं, हे कुणाचंतरी काम असतं. ते नीट झालं तर काहीच घडत नाही. काही न घडण्याची नोंद कुणी ठेवत नाही. माझे बाबा तीस वर्षं काही घडू नये याची नोकरी करत होते.

*

शनिवारची वाट न बघता फोन केला. तिकडं सकाळचे सहा. बाबा फिरायला निघाले होते.

मी सगळं सांगितलं. डुक्कर, मुलगी, नऊ क्लिक, माझं 'कशाला'. ते ऐकत होते. चपलांचा आवाज येत होता, मधेच कुणालातरी "राम राम" म्हणाले.

"बाबा, तुम्ही नेमकं काय तपासायचात?"

अठ्ठावीस वर्षांत मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण चपलांचा आवाज थांबला.

"आकडे नाही सांगणार," ते म्हणाले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी. "पण बघ. लॉट मोठा असतो, त्यातली थोडी काडतुसं काढायची. काही गरम करून झाडायची, काही थंड करून. दाब बघायचा, वेग बघायचा. मधल्या काडतुसाला काही अर्थ नसतो रे. मधलं चालतंच. आपण सगळ्यात वाईट काडतूस शोधायचं असतं, आणि ते सगळ्यात वाईट दिवशी चालेल का ते बघायचं. त्याच्यावर सही करायची."

"आणि नाही चाललं तर?"

"तर लॉट अडवायचा. मग वरून फोन येतात. महिनाअखेर असते, टार्गेट असतं. तरी अडवायचा." थोडं थांबून म्हणाले, "मी काही देशभक्तीनं नाही करायचो. मला झोप लागायची नाही. कुठंतरी बर्फात एक पोरगं असणार, त्याच्या हातात नेमकं तेच आलं तर?"

मला एकदम आठवलं. दहावीच्या मार्चमध्ये बाबा दोन-तीन दिवस घरी गप्प गप्प होते, जेवत नव्हते, आणि आईनं मला ओरडून दुसऱ्या खोलीत पाठवलं होतं. मी विचारलं नाही तो असाच एखादा लॉट होता का. त्यांनी सांगितलंही नसतं.

"तुझी वही आहे ना? फोटो पाठव."

*

पुढच्या शनिवारी लीड आणि मी पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात केली. यावेळी तीन प्रकारची काडतुसं, त्यात भावाकडचा तो खोकाही. रायफल रात्रभर थंड गाडीत ठेवलेली, मुद्दाम साफ न केलेली. चांगल्या काडतुसांना नवव्या क्लिकला बोल्ट थांबत होता. स्वस्तातल्यांना अकरावा लागला. पहाटेच्या थंडीत स्वस्तातल्यांना बारावा. आम्ही बारा धरले आणि वर दोन ठेवले. चौदा.

धक्का वाढला. लीडनं पहिल्याच गोळीला ओठ आवळले. "चालेल," म्हणाला. त्यानं दस्त्याला जाड रबरी पॅड लावलं आणि एका दिवसात शंभराऐवजी तीस गोळ्या झाडायच्या असं ठरवलं. खांद्याचं दुखणं खांद्याच्या बाजूनं सोडवलं, रायफलीच्या जिवावर नाही. पुंगळ्या आता तीनच्या आसपास पडतात, पूर्वीसारख्या सुबक ढिगात नाहीत. थोड्या पसरून.

ते यंत्र आता कुठल्याही दिवशी चालेल, हे मला पटलं. आणि त्याच वेळी युवाल्डीची आठवण झाली. ते यंत्रही त्या दिवशी चालतच होतं. ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी चालणं, एवढंच यंत्राला कळतं. बाबांनी लॉटला सही करताना समोर सैनिक धरला होता, पुंगळ्या मोजून घेणारं एक खातं होतं. इथं कोण मोजतं? मी हे लीडला विचारलं. तो बराच वेळ तारेच्या कुंपणाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मुलगी शाळेत होती तेव्हा मीही दर सकाळी हाच विचार करायचो." यापुढं आम्ही बोललो नाही. काम झालं होतं, फेब्रुवारीनंतर मी रेंजवर जाणं थांबवलं. रागानं नाही. माझ्या हिश्श्याचं मोजून झालं होतं.

मला मात्र माझे स्वतःचे क्लिक दिसायला लागले. इथं नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि मी बँकेत दीड महिन्याचे पैसे ठेवून बाकीचे गुंतवले होते, कारण पडून राहिलेला पैसा म्हणजे वाया. भारतात जायचं तर नऊ दिवस, कारण सुट्ट्या वाचवायच्या. आईबाबांना दर रविवारी बारा मिनिटं. सगळं सुरळीत चाललेलं, साठपैकी साठ. आणि मला लहानपणापासून चीड होती ती बाबांच्या सवयींची. स्टेशनवर गाडीच्या तासभर आधी पोचायचं. पाहुणे चार असले तर भात सहांचा. मी अमेरिकेला निघालो तेव्हा माझ्या सगळ्या कागदांच्या त्यांनी तीन-तीन झेरॉक्स काढल्या होत्या. मी वैतागून विचारलं, कशाला? ते म्हणाले, असू दे.

यंदाच्या दिवाळीला तीन आठवड्यांची सुट्टी मागितली आहे. लीडनं लगेच मंजूर केली. कारण विचारलं नाही.

वहीच्या फोटोंना बाबांचं उत्तर मात्र चार दिवसांनी आलं होतं. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज, पाठीमागं कुकरची शिट्टी. त्यांनी प्रत्येक पान झूम करून वाचलं होतं, कारण कुठल्या ओळीत पाचच्या जागी सहा दिसतो तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "अक्षर सुधारलंय तुझं. पण काय रे, तापमानाचा रकाना कुठंय?"

नव्या पानावर मी पहिला रकाना तोच आखला. दुसरा, लॉट नंबर.